गोव्याचा पाऊस, नमपायचे ॲरे आणि उणे आलेली सरासरी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी तुम्ही भारतीय हवामान खात्याच्या पाव अंशाच्या जाळीतला रोजचा पाऊस घेतलात आणि त्यातला गोव्याचा तुकडा कापलात. त्याची सरासरी काढली तर ती उणे आली. तुकड्यातले नको ते आकडे पुसले तर मूळ ॲरेतलेही पुसले गेले. आणि १९९१ ते २०२० अशा तीस वर्षांच्या फायली एकापाठोपाठ वाचायला घेतल्या की अर्ध्या वाटेत लॅपटॉप मान टाकतो. पायथनच्या याद्या आणि लूप तुम्हाला येतात, नमपाय, म्हणजे आकड्यांच्या ॲरेंवर काम करायची पायथनची लायब्ररी, नवं आहे. तुम्ही विचारलंय, सुरुवात कुठून करू?

सुरुवात याच फायलीपासून करा. नमपायची शंभर फंक्शनं पाठ करून काही साधत नाही. एक गोष्ट मात्र पक्की डोक्यात बसायला हवी: ॲरे म्हणजे मेमरीतली आकड्यांची एक सलग पट्टी, आणि ती पट्टी कशी वाचायची याची वर दिलेली माहिती. एकेक आकडा किती बाइटचा आणि कुठल्या जातीचा, ॲरेचा आकार काय, आणि एका दिशेने एक पाऊल टाकायचं तर किती बाइट ओलांडायचे. तुमच्या तिन्ही तक्रारी इथूनच निघतात. आज्ञांची नावं मी देवनागरीत लिहितोय, टंकताना ती अर्थात रोमन.

तुमची फाइल घेऊ. ही जाळी दक्षिणोत्तर ६.५ ते ३८.५ अंश आणि पूर्वपश्चिम ६६.५ ते १०० अंश. पाव पाव अंशाने गेलं की १२९ अक्षांश आणि १३५ रेखांश होतात, म्हणजे एका दिवसाचे १७,४१५ खण. प्रत्येक खणात एक फ्लोट३२, म्हणजे चार बाइटचा दशांश आकडा. म्हणून एक दिवस म्हणजे ६९,६६० बाइट, आणि साधं वर्ष म्हणजे २,५४,२५,९०० बाइट. फाइल उघडण्याआधी तिचं वजन बघा. साध्या वर्षाच्या फायलीचं वजन एवढंच भरलं तर डाउनलोड पुरा झालाय. लीप वर्षाला बरोबर ६९,६६० बाइट जास्त हवेत. अर्ध्यावर तुटलेली फाइल ओळखायची याहून सोपी रीत मला माहीत नाही.

हेच आकडे पायथनच्या यादीत ठेवले तर प्रत्येक फ्लोट २४ बाइटची स्वतंत्र वस्तू होते, वर तिच्याकडे बोट दाखवायला ८ बाइट. पंचवीस एमबीच्या जागी दोनशे एमबी. लूप हळू चालतो त्याचंही कारण हेच: दर फेरीला पायथन ती वस्तू शोधतो, तिची जात विचारतो, मग बेरीज करतो. नमपायमध्ये जात एकदाच ठरलेली असते, त्यामुळे बेरीज सीमध्ये लिहिलेल्या कोडमध्ये सरळ पट्टीवरून धावत जाते. लूप लिहायला बंदी नाही. तीस फायलींवरून फिरणारा लूप खुशाल लिहा. त्रेसष्ट लाख खणांवरून फिरणारा मात्र लिहू नका.

आता फाइल वाचू. नमपायच्या फ्रॉमफाइल या फंक्शनने फ्लोट३२ म्हणून वाचली की एक लांबलचक एकेरी ॲरे हातात येतो. त्याला आकार द्यायचा:

पाऊस = पट्टी.रीशेप(-१, १२९, १३५)

पहिल्या जागी -१ लिहिलं की दिवस किती ते नमपाय स्वतः मोजतो, ३६५ किंवा ३६६. पण क्रम चुकवून १३५, १२९ लिहिलंत तर? काही होत नाही. लाल अक्षरं नाहीत, इशारा नाही. गुणाकार तोच येतो, त्यामुळे नमपायची काहीच तक्रार नसते. फक्त तुमच्या गोव्याच्या जागी भलत्याच मुलखातला पाऊस बसलेला असतो. ॲरेच्या कामात खरा धोका हाच आहे: चूक ओरडत नाही, गुपचूप आकडा देते. म्हणून प्रोग्रामच्या माथ्यावर टिपणात लिहून ठेवा, पहिला अक्ष दिवस, दुसरा अक्षांश, तिसरा रेखांश. मी अजूनही लिहितो.

लिहून भागत नाही, तपासायलाही हवं, आणि इथे आपला गोवा कामाला येतो. जून ते सप्टेंबरमध्ये राज्यात सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि किनाऱ्यापेक्षा सत्तरी, सांगे अशा घाटाच्या पायथ्याला जास्त. तुमच्या ॲरेत एका हंगामाची बेरीज तीनशे आली, किंवा पूर्वेकडे जाताना पाऊस घटत गेला, तर आधी अक्ष तपासा. निष्कर्ष लिहायची घाई करू नका. नकाशा काढलात आणि कन्याकुमारी वर दिसली तर घाबरू नका. या फायलीत पहिली ओळ दक्षिणेची आहे आणि नकाशा काढणारं इमशो हे फंक्शन पहिली ओळ वर काढतं. ओरिजिन लोअर सांगितलं की नकाशा सुलटा होतो.

गोवा कापायचा तर खणांचे क्रमांक हवेत. १५.५ अंश अक्षांश म्हणजे (१५.५ - ६.५) भागिले ०.२५, क्रमांक ३६. तसंच १५.० पासून १५.७५ पर्यंत ३४ ते ३७, आणि ७३.७५ पासून ७४.२५ पर्यंतचे रेखांश २९ ते ३१. तुकड्यात शेवटचा क्रमांक धरला जात नाही, म्हणून ३४:३८ आणि २९:३२. चार गुणिले तीन, बारा खण. हिशेब हाताने एकदा करा, पुढे प्रोग्रामला करू द्या.

जाता जाता एक सांगतो. इथला एक खण साधारण २८ गुणिले २७ किलोमीटरचा, म्हणजे साडेसातशे चौरस किलोमीटरच्या आसपास. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२. सगळं राज्य मिळून पाचेक खण! बारा खणांत बाकीचं म्हणजे समुद्र, कर्नाटक आणि वर थोडा सिंधुदुर्ग. तेव्हा या फायलीतून तालुकावार पाऊस काढायचा बेत असेल तर सोडा. कोडमध्ये कितीही कसब दाखवलं तरी आकड्यांत जे नाही ते बाहेर येणार नाही.

आता उणे सरासरी. जिथे आकडा नाही तिथे या फायलीत -९९९ लिहिलेलं असतं, आणि तुमच्या चौकटीचा नैऋत्य कोपरा, १५.० अक्षांश आणि ७३.७५ रेखांश, काणकोणसमोरच्या समुद्रात पडतो. समजा दहा खणांत ५० मिलिमीटर पाऊस आहे आणि दोन खण समुद्रात आहेत. बेरीज ५०० उणे १,९९८, भागिले १२, उत्तर -१२४.८. तुमचं नशीब की ते उणे आलं! समजा पाऊस दहा खणांत २५० मिलिमीटरचा असता, तर तीच चूक सरासरी अधिक ४१.८ दाखवती आणि तुम्ही ती प्रबंधात छापली असती.

पावसाला शून्याखालचा आकडा नसतो, म्हणून शून्यापेक्षा लहान ते सगळं नॅन, म्हणजे 'इथे आकडा नाही' अशी खूण, करून टाका. हीच सवय तापमानाच्या फायलींवर चालवू नका. हवामान खात्याच्या तापमानाच्या जाळीत गाळलेल्या आकड्याची खूण ९९.९ आहे, आणि शून्याखालचं तापमान हिमालयात खरंच असतं. पूर्णांकांच्या ॲरेत तर नॅन बसतच नाही, आधी तो फ्लोट करावा लागतो. आणखी एक, जुन्या शिकवण्यांत नॅन मोठ्या अक्षरांत लिहिलेला आढळेल. जून २०२४ मध्ये आलेल्या नमपाय २.० मधून ते नाव काढून टाकलंय. सगळी अक्षरं छोटीच लिहा.

नॅन केल्यावर साधा मीन नॅन देतो, नॅनमीन ते वगळून सरासरी देतो. इथवर सगळे येतात. पुढचा खड्डा नॅनसमचा, आणि त्यात भलेभले पडतात. सगळेच नॅन असलेल्या खणाची नॅनसम बेरीज शून्य येते. म्हणजे जून ते सप्टेंबरची बेरीज नॅनसमने केलीत की काणकोणसमोरचा समुद्र कोरडा ठणठणीत होतो. दहा खणांत ३,००० आणि दोन खणांत ०, सरासरी २,५००. या आकड्याकडे बघून कोणाचीही भुवई वर जाणार नाही. गोव्यात एखाद्या वर्षी अडीच हजार पडतोही. म्हणून दिवसांवरची बेरीज साध्या समने करा, समुद्र नॅनच राहू द्या, आणि मग खणांवरची सरासरी नॅनमीनने काढा. जमिनीवरच्या खणात मधलेच चार दिवस गाळलेले असतील तर काय करायचं, हा प्रश्न नमपायचा नाही, तुमच्या मार्गदर्शकांचा आहे. तो त्यांना विचाराच.

अक्षांबद्दल गोंधळ होत असेल तर एवढंच धरून चाला: ज्या अक्षाचं नाव घ्याल तो उत्तरातून जातो. आकार (३६५, ४, ३) असेल आणि अक्ष ० वर बेरीज केली तर दिवस गेले, उरला (४, ३) चा नकाशा. अक्ष (१, २) वर सरासरी केली तर जागा गेली, उरले ३६५ आकडे. ॲक्सिस लिहायलाच विसरलात तर सगळंच जातं आणि हाती एकच आकडा येतो. हंगाम कापायचा तर साध्या वर्षात १ जूनचा क्रमांक १५१, आणि १५१:२७३ घेतलं की वजाबाकी १२२, म्हणजे जून ते सप्टेंबरचे दिवस. लीप वर्षात दोन्ही टोकं एकेक घर पुढे सरकतात. (खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो हेही ध्यानात असू द्या. १ जूनच्या नोंदीत ३१ मेच्या रात्रीची सर असते. मिरगाचा पहिला पाऊस नेमका कधी पडला यावर वाद घालताना हे कामाला येतं.)

दुसरी तक्रार, गोव्याचा तुकडा साफ केला आणि मूळ ॲरे बदलला. यात नमपायचा दोष नाही. ३४:३८, २९:३२ असा तुकडा मागितला की नमपाय आकडे उचलून दुसरीकडे ठेवत नाही. तो त्याच पट्टीची नवी माहिती लिहितो: इथून सुरू कर, एवढे घे. पावलं तीच राहतात. दिवस पुढे जायचं तर ६९,६६० बाइट, अक्षांश पुढे जायचं तर ५४०, रेखांश पुढे जायचं तर ४. स्ट्राइड्स, म्हणजे हीच पावलं, छापून बघा, हेच तीन आकडे मूळ ॲरेतही दिसतील आणि तुकड्यातही. पट्टी एक, ती वाचायच्या तऱ्हा दोन. एकीकडून लिहिलंत की दुसरीकडून वाचताना बदल दिसणारच. स्वतंत्र प्रत हवी तर तसं सांगा:

गोवा = पाऊस[:, ३४:३८, २९:३२].कॉपी()

उलट, अटीने निवडलं, म्हणजे पाऊस[पाऊस > १००] असं, तर प्रत मिळते. म्हणून पाऊस[पाऊस > १००][०] = ५ लिहिलं तर मूळ ॲरेत काहीच बदलत नाही, बदल त्या क्षणिक प्रतीत होऊन विरून जातो. मात्र पाऊस[पाऊस < ० ] = नॅन हे मूळ ॲरेतच लिहितं, कारण तिथे निवड डाव्या बाजूला एकट्याने उभी आहे. हे वाचून पटत नाही, पाच आकड्यांचा ॲरे घेऊन करून बघा. शंका आली की शेअर्स-मेमरी हे फंक्शन दोन ॲरे एकाच पट्टीवर आहेत का ते सांगतं.

आणि तिसरी तक्रार, लॅपटॉप अडकण्याची, याच गोष्टीतून निघते. तुम्ही लिहिलंय की दर वर्षाचा फक्त गोव्याचा तुकडा यादीत ठेवता, मग मेमरी का भरते? कारण तो तुकडा मूळ पट्टीवर उभा आहे. तुकडा जिवंत असेपर्यंत पट्टी सोडता येत नाही. बारा खणांसाठी दर वर्षी पूर्ण भारताचे पंचवीस एमबी अडकून राहतात. तीस वर्षांचे १०,९५८ दिवस, म्हणजे ७६३ एमबी. त्यातले तुमच्या कामाचे जेमतेम अर्धा एमबी! वरची ती कॉपी लावली की दर फेरीला मोठी पट्टी सुटते.

तुमच्या कोडमध्ये दर वर्षी अपेंडही दिसतोय. यादीचा अपेंड वेगळा आणि नमपायचा वेगळा. नमपायचा अपेंड दर वेळी आधीचं सगळं नव्या जागी उतरवून मग शेवटी नवं जोडतो, कारण सलग पट्टी जागच्या जागी लांबवता येत नाही. तुकडे साध्या यादीत जमवा आणि शेवटी एकदाच कॉनकॅटिनेटने एकापुढे एक जोडा. स्टॅक करायला जाल तर लीप वर्षं आडवी येतील, त्याला सगळे आकार सारखे लागतात.

तुम्ही विचारलं नाही, पण पुढच्या आठवड्यात विचाराल, म्हणून वेगवेगळ्या आकारांच्या ॲरेंच्या वजाबाकीबद्दल. नमपाय आकार उजवीकडून जुळवतो. (१२२, ४, ३) मधून (४, ३) वजा होतं, प्रत्येक दिवसातून सरासरी नकाशा जातो. पण (१२२, ४, ३) मधून (१२२,) वजा करायला गेलात तर १२२ ची गाठ ३ शी पडते आणि चूक येते. तिथे मागे दोन रिकामे अक्ष जोडावे लागतात. ही चूक चांगली, ती निदान बोलते. न बोलणारी ही: पणजीच्या पर्जन्यमापकाच्या १२२ नोंदी तुम्ही एका स्तंभाच्या फायलीतून वाचल्या आणि त्यांचा आकार (१२२, १) झाला. जाळीतल्या खणाचा आकार (१२२,). दोन्हींची वजाबाकी केली की १२२ नाही, १२२ गुणिले १२२, म्हणजे १४,८८४ फरक तयार होतात. प्रत्येक दिवस प्रत्येक दिवसातून वजा. गंमत अशी की या सगळ्या फरकांची सरासरी अगदी बरोबर येते, कारण ती दोन सरासऱ्यांचा फरकच असते. पण वर्गमूळ-मध्य-वर्ग त्रुटी, म्हणजे फरकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ, काढलीत की ती साफ चुकते, दिवसाला दिवसाची जोडच राहिलेली नसते. सरासरी जुळली म्हणून विद्यार्थी निर्धास्त होतात, आणि मग जाळीचा पाऊस प्रत्यक्षाशी जुळतच नाही असा शोध लावून बसतात. वजाबाकीनंतर शेप, म्हणजे ॲरेचा आकार, छापा. एक ओळ लागते.

आकड्यांच्या जातीबद्दल दोनच गोष्टी. फ्लोट३२ मध्ये १,६७,७७,२१६ च्या पुढचा प्रत्येक पूर्णांक नेमका मावतोच असं नाही. त्यात एक मिळवला तरी उत्तर तेच राहतं. लांबलचक बेरजा करताना डीटाइप, म्हणजे आकड्याची जात, फ्लोट६४ (आठ बाइटची) सांगा, फाइल फ्लोट३२ च राहू दे. दुसरी गोष्ट समुद्राकडे वळाल तेव्हाची. गेबको या जागतिक समुद्रतळ-नकाशा प्रकल्पाच्या जाळीत उंची मीटरमध्ये, १६ बिटच्या पूर्णांकात असते. त्यात ३२,७६७ च्या वर आणि -३२,७६८ च्या खाली काही मावत नाही. सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद मापांवर चालणाऱ्या एखाद्या सागरी मॉडेलसाठी तुम्ही -४,००० मीटरला १०० ने गुणलंत तर -४,००,००० येत नाही, -६,७८४ येतं. म्हणजे अडुसष्ट मीटर. अरबी समुद्राच्या तळाला गोव्यासमोरच्या उथळ खंडमंचावर शोभणारी खोली! ॲरेच्या गुणाकारात नमपाय याचा इशाराही देत नाही. आधी ॲसटाइपने फ्लोट करा, मग गुणा.

पुढे काय शिकावं हेही तुम्ही विचारलंय. एक्सॲरे ही पायथनची लायब्ररी. त्यात अक्षांना नावं असतात, ३४:३८ ऐवजी थेट १५.० ते १५.७५ अक्षांश मागता येतो, आणि वरचे निम्मे घोटाळे होतच नाहीत. मग आधीच का सांगितलं नाही? कारण त्याच्या पोटात नमपायच आहे. तुकडा की प्रत, नॅनची बेरीज, आकड्याची जात, हे प्रश्न तिथेही तसेच राहतात, शिवाय एक्सॲरेचा सम नॅन आपणहून वगळतो. कोरडा समुद्र तुम्हाला तिथे न मागता मिळेल. मिन-काउंट १ दिला की पूर्ण नॅन असलेला खण नॅनच राहतो.

तूर्तास एकच वर्ष घ्या, समजा २०१९. गोवा कापा, प्रत करा, -९९९ चे नॅन करा, हंगामाची (४, ३) बेरीज छापा आणि ती इथे टाका, सोबत शेप आणि डीटाइप. नॅन कुठल्या खणांत आले तेही कळवा. काणकोणच्या कोपऱ्यात नॅन नसेल तर तीस वर्षांकडे वळू नका, आधी रीशेपची ओळ पुन्हा बघू.